रेवणसिद्ध काकांनी साफ केलेलं सोलापूर

लाल दिव्याच्या उजेडात, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोलापूर स्टेशन हळूहळू वर येत होतं. आधी हमालाचं मुंडासं आलं, मग त्याच्या डोक्यावरची ट्रंक, मग फलाटाच्या टोकाला दोन खांबांवर उभी असलेली ती ऐसपैस पाटी. चनबसप्पा ट्रेवर वाकून बघत होता. पाटी आली, पाटीवर बसलेला कावळासुद्धा आला, पण पाटीवरचं नाव काही येईना.

"येतंय, येतंय, जातंय कुटं," असं स्वतःलाच सांगत त्यानं ट्रे हलवला. कावळा आणखी काळा झाला. हमालाच्या मिशीचा केस न् केस मोजता यावा इतका फोटो खुलला. नाव मात्र मराठीत आलं नाही, हिंदीत आलं नाही आणि इंग्रजीतही आलं नाही. पाटी धुऊन पुसून ठेवलेल्या पाटासारखी कोरी होती.

फोटो पक्का करायला हायपोत टाकून, उरलेल्या अकरा निगेटिव्ह घेऊन चनबसप्पा डार्करूमच्या बाहेर आला आणि एकेक निगेटिव्ह खिडकीशी धरू लागला. मैलाचा दगड कोरा. बँडवाल्यांचा ढोल कोरा. पाण्याचा टँकर, टांग्यांचा अड्डा, चटणीचं दुकान, चादरीचा काठ, कुठं म्हणून अक्षर नाही. बाराच्या बारा फोटोंतून कुणीतरी सोलापूर हातोहात लांबवलं होतं.

आता, एखाद्या फोटोत गावाचं नाव नसलं तर आभाळ कोसळतं असं नाही. पण चनबसप्पाचं कोसळणार होतं. त्याचं असं झालं की भवानी पेठेतल्या एका व्यापारी मंडळानं त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, फोटोंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. बक्षीस म्हणजे चांदीची ढाल, आणि जिंकणाऱ्याचे फोटो मंडळाच्या कॅलेंडरवर. महिने बारा म्हणून फोटो बारा. तिसरा नियम असा होता की प्रत्येक फोटोत सोलापूरचं नाव मिरवणारी जागा नाहीतर वस्तू पाहिजे, आणि ते नाव वाचता आलं पाहिजे. तो नियम मंडळाच्या चिटणीसांनी स्वतः लिहिला होता आणि पत्रकात त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

ही गोष्ट चनबसप्पाच्या सासऱ्यांच्या, बसलिंगप्पांच्या कानावर गेली. त्यांचं चादरींचं मोठं दुकान होतं, आणि जावयानं धड धंदा सोडून काळ्या फडक्यात डोकं खुपसून उभं राहावं हे त्यांना लग्नापासून डाचत होतं. ते सरळ स्टुडिओत आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"जावईबापू, आता निकाल लावूनच टाका. ढाल आणली तर ह्या विषयावर मी पुन्हा तोंड उगडणार न्हाय. न्हाय आणली तर पाडव्याला स्टुडिओला कुलूप, आन माझ्या दुकानाच्या गादीवर बसायचं. कबूल?"

"मामा, पर..."

"घाबरलासा?"

हे ऐकून आतून गुरम्माच म्हणाली, "कबूल हाय म्हणा की हो!" बाप तिचा आणि नवराही तिचा. पण हट्टाला ती बापाच्या वळणावर गेली होती. चनबसप्पा कबूल म्हणाला. तेव्हापासून महिनाभर तो लाकडी कॅमेरा खांद्यावर टाकून सगळं गाव पालथं घालत होता. सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून त्यानं त्यांच्या दुकानाचाही एक फोटो घेतला होता. आज संध्याकाळी पाचला फोटो द्यायची मुदत संपत होती, पाडवा आठ दिवसांवर होता, आणि हातात बारा कोऱ्या पाट्या होत्या.

हे कुणी केलं असेल हे विचारायची गरजच नव्हती. स्टुडिओच्या दारात, उजेडाकडे तोंड करून, डोळ्याला भिंग लावून रेवणसिद्ध काका बसले होते.

रेवणसिद्ध काका म्हणजे टचिंगचे बादशहा. निगेटिव्हवर पेन्सिल, ब्लेड आणि शाई चालवून ते देवीचे व्रण बुजवत, तिरळा डोळा सरळ करत, आणि पुढे आलेले दात नवरीच्या तोंडात परत बसवत. चनबसप्पाला धंदा शिकवला तोही त्यांनीच. त्यांचा खरा राग मात्र अक्षरांवर होता. वऱ्हाडाचा ग्रुप फोटो काढावा आणि नवऱ्या मुलाच्या डोक्यामागं भिंतीवर 'येथे लघवी करू नये' निघावं, असं शंभरदा झालेलं. एकदा तर आठ मुलांच्या बापाच्या मागं 'दोन किंवा तीन पुरेत' आलं होतं. काकांनी ते असं काही नाहीसं केलं की त्या माणसानं भरल्या डोळ्यांनी त्यांना पेढे दिले. माणसाच्या फोटोत अक्षर म्हणजे डाग, हा काकांचा धर्म होता. चनबसप्पानं परवा बारा निगेटिव्ह त्यांच्या पुढ्यात ठेवून नेहमीसारखंच सांगितलं होतं, "काका, साफ करून ठेवा. प्रदर्शनाला जायच्यात, एक डाग दिसाय नको."

"काका," चनबसप्पा कसाबसा म्हणाला, "ह्यावरचं नाव..."

काकांनी भिंग काढलं. चेहरा असा खुललेला की विचारू नका. "बगितलंस? अरं, किती रं ती अक्षरं! ढोलावर अक्षरं, टँकरवर अक्षरं, चादरीच्या काठावरसुदिक अक्षरं! गावाला दुसरं काम न्हाय बग. दोन दिवस मान वर केली न्हाय मी. पर एक ठेवलं न्हाय!"

"काका, ते नावच पायजे व्हतं. नावाचंच प्रदर्शन हाय त्ये."

काकांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि डोळ्याला न लावता हातातच धरून ठेवला. "मग मी तुझं दुकान बुडवलं म्हण की," ते हळूच म्हणाले. "हितनं उटून वळसंगला भावाच्या रानात जाऊन बसतो. पाखरं हाकलायला तरी कामाला येतो का बगू."

चनबसप्पाला ओरडायचं होतं, पण शिकवणाऱ्या माणसावर कुठल्या तोंडानं ओरडायचं? तेवढ्यात गुरम्मा ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

"रडताय काय दोगंबी? पाट्या कोऱ्या हायत न्हवं? मग बाळासो पेंटरला बोलवा. कोऱ्या पाटीवर लिवायचं त्याचंच काम हाय की."

बोलणं बिनतोड होतं. चनबसप्पानं भराभर उरलेले अकरा फोटो छापले. फोटोच्या तेरा कागदांपैकी आता एकच उरला, आणि कागदांचं दुकान त्या दिवशी बंद. दुपारी दोनला बाळासो पेंटर डबे खडखडवत आला. पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या होत्या. पहिल्यांदा त्याच्यापुढं मैलाच्या दगडाचा फोटो ठेवला. दगडाच्या बाजूनं शेळ्या चाललेल्या, मागं लिंबाचं झाड. फार गोड फोटो होता.

"बारीक अक्षरात लिव बरं का," चनबसप्पानं बजावलं. "दगडावर असतंय तसं."

"तुमी बगतच ऱ्हावा."

बाळासोनं जीभ दाताखाली धरून ब्रश टेकवला. पण अर्धं आयुष्य दहा फुटी पाट्या लिहिण्यात गेलेलं. हाताला बारीक माहीतच नव्हतं. 'सो' दगडावर बसला, 'ला' अर्ध्यावरच लोंबकळला, 'पू' शेळीच्या पाठीवर गेला आणि 'र' थेट लिंबावर चढला. वर सगळ्या अक्षरांना त्यानं सवयीनं सावली पाडली. चनबसप्पा "आरं, आरं" म्हणेपर्यंत खालच्या कोपऱ्यात 'बाळासो आर्टिस्ट, भवानी पेठ' हेही उमटलं. गुळगुळीत कागदावर तेलरंग काही ठरेना. बघता बघता तो ओघळला आणि पुढच्या शेळीला दाढीखाली आणखी एक दाढी आली.

"सही कशाला केलीस रं?" चनबसप्पा किंचाळला.

"सही केल्याबिगर माजा हात थांबत न्हाय, मालक. आता दुसरा द्या, ह्यो नमुना झाला."

गुरम्मानं त्याला चहा पाजून, गोड बोलून, डब्यांसकट वाटेला लावलं. आता फोटो अकरा आणि कागद एक. दगडाचा फोटो पुन्हा छापायचा तर पुन्हा कोराच यायचा. चनबसप्पा डोकं धरून बसला आणि बसल्या बसल्या त्याला आठवलं की कॅमेऱ्याच्या पेटीत एक निगेटिव्ह वेगळी पडली आहे. मागच्या आठवड्यात मंद्रूप गावच्या बाजारच्या दिवशी तो एका घरचा फोटो काढायला गेला होता. परत येताना पारापाशी एसटी उभी दिसली. टपावर कोंबड्यांच्या टोपल्या, दारात लोंबणारी माणसं आणि गाडीच्या कपाळावर ठळक पाटी, 'सोलापूर'. गंमत म्हणून त्यानं तो फोटो घेतला होता. धुऊन पेटीतच ठेवला होता, म्हणून काकांच्या हाती लागला नव्हता.

"ह्यात नाव हाय!" काका हरखून म्हणाले आणि आपला हात पाठीमागं घेऊन उभे राहिले, न जाणो ब्लेड आपोआप चालायचं.

"नाव हाय, पर गाव मंद्रूप हाय की हो," चनबसप्पा म्हणाला.

"कोण वळकायलंय?" गुरम्मा म्हणाली. "छापा मुकाट्यानं!"

पाचला पाच मिनिटं कमी असताना चनबसप्पानं बारा फोटो चिटणीसांच्या टेबलावर ठेवले आणि त्यांनी ते उघडायच्या आत तिथून काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये ही गर्दी! इतर फोटोग्राफरांनी तिसरा नियम मनावर घेतला होता. नाव वाचता आलं पाहिजे ना, मग त्यांनी नावंच काढली होती. पाट्यांच्या इतक्या जवळ जाऊन फोटो घेतलेले की काळ्यावर पांढरी नाहीतर पांढऱ्यावर काळी अक्षरं, एवढंच दिसावं. स्टेशन रोडच्या एका फोटोग्राफरच्या बारा फोटोंत तर बारा वेळा 'सोलापूर' होतं आणि दुसरं काहीही नव्हतं. लोक येत, वाचत आणि पुढं सरकत. अगदी शेवटी, खिडकीजवळ, चनबसप्पाची फळी होती. तिच्यावर चिटणीसांच्या हस्ताक्षरात चिठ्ठी लावलेली: 'नियमात बसत नाही.'

चनबसप्पा ती चिठ्ठी वाचत होता. तेवढ्यात मागून बसलिंगप्पांचा आवाज आला.

"माझ्या दुकानाची पाटी कुटं गेली?"

"तुमचंच दुकान कशावरनं, मामा?"

"कशावरनं म्हणजे?" बसलिंगप्पा तापले. "ह्या पायऱ्या माझ्या, ही फुटकी फरशी माझी, ह्यो चादरीवर चादर रचायचा ढंग माझा! कुणी आंधळ्यानंबी हात फिरवून सांगावं. पाटी कशाला लागतीय?" एवढं बोलून त्यांना चिठ्ठी दिसली आणि त्यांचा चेहरा निवळला. "असो. गादीला नवीन अभ्रा घालून ठेवतो, जावईबापू."

तेवढ्यात दारात गडबड झाली. नागव्वा आजी आल्या होत्या. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, हातात काठी. ढाल त्यांच्या कैलासवासी यजमानांच्या नावाची. ती कुणाला द्यायची हे नागव्वाच ठरवणार, अशी अट देणगी देतानाच घातलेली. मागच्या साली कडक भाकरीच्या स्पर्धेत त्यांनी छत्तीस भाकरी मोडून बघितल्या होत्या. फोटोंचं हे पहिलंच वर्ष होतं.

चिटणीस त्यांना अदबीनं पहिल्या फळीपाशी घेऊन गेले.

"हे काय हाय रं बाळा?" नागव्वांनी विचारलं.

"सोलापूर, आजी."

"आन हे?"

"हेही सोलापूर."

"आन हे काळं काळं?"

"तेही सोलापूरच लिहिलंय, आजी."

असं करत चार फळ्या झाल्या. नागव्वांना अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी भिंतीवर नुसत्या रेघोट्या टांगलेल्या होत्या. त्या कंटाळल्या, जांभई आली, बसायला खुर्ची कुठं मिळते का बघत त्या शेवटच्या फळीशी पोचल्या आणि थबकल्या.

"अगं बाई! स्टेशन!" त्यांनी काठी वर केली. "मुंडासं बग की त्या हमालाचं! आन ह्यो टांग्याचा अड्डा. ही चटणी कुटायलेली बाई, नाकाला पदर बग कसा लावलाय, मलाच शिंक यायलीय! ह्यो बँड माझ्या थोरल्या नातवाच्या लग्नात व्हता, ह्योच ढोलवाला, चार पत्रावळी जेवला मेला! आन ह्या बाया टँकरम्होरं... भाळ छंद! भाळ छंद अद!" आनंदाच्या भरात त्यांना मराठी पुरेना, तेव्हा 'फार सुंदर' हे त्या कानडीतून म्हणू लागल्या. त्यांच्याभोवती बायकांचं कोंडाळं जमलं. कुणाला त्यात आपली घागर दिसली, कुणाला आपला दीर दिसला. जी फळी कुणी बघत नव्हतं, तिच्यापुढं पाय ठेवायला जागा राहिली नाही.

चिटणीस घाईघाईनं पुढं झाले. "आजी, हे फोटो नियमात बसत नाहीत. तशी चिठ्ठीही लावलीय."

"कुटला नियम?"

"प्रत्येक फोटोत सोलापूर हे नाव वाचता आलं पाहिजे."

"कुणाला?" नागव्वांनी विचारलं.

चिटणीसांनी खिशातून पत्रक काढून त्या दोन रेघांवर बोट ठेवलं. पदराआडून बायका फिदीफिदी हसू लागल्या.

"समद्या भिंतीवर तू मला सोलापूर वाचून दाखवलंस बाळा," नागव्वा म्हणाल्या, "पर सोलापूर मला कुटं दिसलं न्हाय. हितं तू मुका हुतास, तरी मला समदं दिसलं."

चिटणीसांनी शेवटचा उपाय केला. "निदान हा बारावा बघा, आजी. यांच्यातला हा एकटाच नियमात आहे. गाडीवर स्वच्छ लिहिलंय, सोलापूर!"

नागव्वा एसटीच्या फोटोवर वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. चनबसप्पानं डोळे मिटून घेतले.

"ह्यात सोलापूर लिवलंय व्हय?" त्या म्हणाल्या. "आरं खुळ्या, हे मंद्रूप हाय!"

हॉलमध्ये असा हशा पिकला की चिटणीसांचा चष्मा घसरला. चनबसप्पा पुढं झाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "व्हय आजी, मंद्रूपच हाय त्ये. माझं चुकलं. नाव असलेला दुसरा फोटूच न्हवता माझ्याकडं."

"चुकलं कसं? माझं माहेर हाय त्ये." नागव्वांचा आवाज एकदम ओला झाला. त्यांनी फोटोतल्या पारावर बोट ठेवलं. "ह्या पाराम्होरनंच निगाले मी. लगीन झालं, सासऱ्यांची बैलगाडी हितंच उबी हुती. तेरा वर्साची हुते. सोलापूर केवडं, कसं, काय म्हाईत न्हवतं. आयचा पदर सोडवला आन गाडीत बसले. माझं सोलापूर हितनंच सुरू हुतंय, लेकरा."

नागव्वांनी नाक पुसलं आणि काठी आपटली. "ढाल ह्याला. आन त्या कॅलेंडरात हे मंद्रूप पयल्या पानावर लावा. नियम काय आसल त्यो तुमी नंतर लिवा."

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. गुरम्मा बापाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि हसली. बसलिंगप्पांनी एकदा ढालीकडे बघितलं, एकदा आपल्या दुकानाच्या फोटोकडे, आणि खांद्यावरचं उपरणं झटकलं.

"पायऱ्या मात्र झ्याक आल्यात," ते म्हणाले, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही.

चनबसप्पा गर्दीतून वाट काढत दाराशी आला. तिथं खांबाआड रेवणसिद्ध काका उभे होते, आत यायचा धीर नसल्यासारखे. त्यानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि ढाल त्यांच्या हातात दिली.

"काका, वळसंगची पाखरं दुसऱ्या कुणाला तरी हाकलू द्या."

काका ढालीवरून नुसता हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत रीतसर फोटो निघाला. मध्ये नागव्वा खुर्चीत, एका बाजूला ढाल घेऊन चनबसप्पा, दुसऱ्या बाजूला गुरम्मा. उठताना नागव्वांनी काकांना दम भरला, "माझी एक सुरकुती जरी कमी झाली तर बग! समद्या कमावलेल्या हायत." काकांनी शपथ घेतली. मन घट्ट करून त्यांनी एकाही सुरकुतीला हात लावला नाही. मग दोन दिवस आवरून धरलेला हात त्यांनी मोकळा सोडला.

तो फोटो अजून स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर आहे. नागव्वांची सुरकुती न् सुरकुती जागच्या जागी आहे, आणि चनबसप्पाच्या हातातली ढाल मात्र घासून ठेवलेल्या ताटासारखी लख्ख कोरी आहे. कुणाची, कशाची, कुठल्या सालची, अक्षर म्हणून नाही. बसलिंगप्पा बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना मुद्दाम तो फोटो दाखवायला घेऊन येत. एखादा पाहुणा जवळ जाऊन, डोळे बारीक करून विचारी, "शेठ, ह्यावर काय लिवलंय? वाचता येईना."

"वाचायचं कशाला?" बसलिंगप्पा छाती फुगवून म्हणत. "आवो, माझा जावई हाय त्यो!"